अडीच जोड्यांचा हिशेब

व्याख्यानमालेत राज्यकारभार, शिक्षण, शेती, साहित्य अशा भारदस्त विषयांची पंगत बसलेली असते. त्या पंगतीत प्रवासाच्या कपड्यांसाठी पाट मांडावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु माणूस घराबाहेर पडताना काय बरोबर घेतो आणि काय मागे ठेवतो, ह्यावरून त्याला कशाची भीती वाटते आणि कशाचा भरवसा वाटतो, हे चांगले कळते. शिवाय हा विषय असा आहे की, त्यात विद्वानाला आणि अडाण्याला सारखाच अनुभव आहे. निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी भरताना "हेही असू द्यावे" असे म्हणत घातलेला सदरा परत येईपर्यंत घडीचाच राहिला, हा अनुभव कोणास नाही?

आम्ही हा विषय नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात मांडणार आहोत आणि त्यास कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आकाराने फार मोठा नाही; पण तापीकाठचे सपाट काळे रान, त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि रांगांपलीकडे राज्याच्या सीमेवरून वाहणारी नर्मदा, अशा तीन निराळ्या मुलुखांतून येथे एका दिवसात जाता येते. सकाळी नंदुरबारच्या स्टेशनावर अंगातला सदरा घामाने चिकटतो आणि त्याच रात्री तोरणमाळला पांघरुणाशिवाय झोप लागत नाही. अशा मुलुखात कोणते कपडे न्यावे हा प्रश्न खरा कसाला लागतो. येथे जमलेला हिशेब इतरत्र सहज जमेल.

हिशेबाचे सूत्र आरंभीच सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे हे ध्यानात राहील. आपण कपडे दिवसांवरून मोजतो. पाच दिवसांचा प्रवास म्हणून पाच जोड्या, आणि अडीअडचणीला म्हणून सहावी. ही मोजणीच मुळात चुकीची आहे. कपडे धुण्यावरून मोजावेत, धुणे वाळण्यावरून मोजावे आणि वाळण्यात जी तूट येईल ती रात्रीच्या थंडीवरून भरून काढावी. असे मोजले म्हणजे प्रवास पाच दिवसांचा असो की पाच महिन्यांचा, उत्तर एकच येते: एक जोडी अंगावर, एक जोडी धुवून वाळत, आणि वर अर्धी जोडी रात्रीसाठी कोरडी राखलेली. एकूण अडीच.

हे सूत्र आमचे नव्हे. आपल्याकडचे पायी फिरणारे लोक ते शतकानुशतके पाळत आले. जुन्या वाटसरूच्या खांद्यावर पडशी असे. दोन्ही टोकांना कप्पे असलेली ती पिशवी खांद्यावरून टाकली की अर्धे ओझे पुढे आणि अर्धे मागे येई, आणि चालताना तोल जात नसे. तीत एक धोतर, एक पंचा, एखादी बंडी, आणि काखेला घोंगडीची वळकटी. त्या कापडांची कामे पाहा. पंचा अंग पुसण्यास, स्नानाच्या वेळी नेसण्यास, उन्हात डोक्यास गुंडाळण्यास, भाकरी बांधून घेण्यास आणि रात्री उशाला घेण्यास. उपरणे खांद्यावर शोभेला आणि थंडीत छातीला. घोंगडी पावसात डोक्यावर खोळ करून, रात्री अंथरून किंवा पांघरून, आणि चार माणसे बसली तर बैठक म्हणून. एका कापडाने चार कामे केली म्हणजे तीन कापडांचे ओझे वाचते. हलक्या प्रवासाचे अर्धे शास्त्र एवढ्यात आले.

बिनशिवणीच्या कापडाचा आणखी एक गुण आहे, तो लौकर ध्यानात येत नाही. धोतर किंवा पंचा वाळत घातला की त्याचा सर्व भाग एकेरी पसरतो, वारा दोन्ही अंगांनी लागतो आणि ते झपाट्याने वाळते. शिवलेल्या कपड्यात नेफा, कॉलर, खिसे आणि दुहेरी शिवणी असतात. कपडा वाळला असे वाटते, पण नेफा ओलाच असतो. वाटेवर माणसाला खोळंबून ठेवतो तो हा नेफा आणि हे खिसे. म्हणून आज कोणी धोतर नेसावे असा आमचा आग्रह नाही. परंतु प्रवासासाठी विजार किंवा सदरा निवडताना कमी खिशांचा, एकेरी शिवणीचा आणि पातळ पोताचा घ्यावा, एवढा बोध त्यातून घेता येतो. ह्या दृष्टीने जीनची जाड पँट हा प्रवासाचा सर्वांत गैरसोयीचा कपडा होय. ती अर्ध्या किलोच्या वर भरते, भिजली की दुप्पट जड होते, आणि सकाळी धुतली तर दमट हवेत दुसऱ्या सकाळीही कमरेशी गार लागते. आजच्या तरुणाच्या अंगावर तीच असते आणि पिशवीतही तीच असते.

हे मोजमाप बिघडले केव्हा? आम्हांस वाटते, ओझे आणि शरीर ह्यांची ताटातूट झाली तेव्हा. रेल्वे आली, तिच्याबरोबर लोखंडी ट्रंक आणि होल्डॉल आला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नवापूर, नंदुरबारवरून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ह्या भागाला बाहेरच्या जगाशी जोडले. पण त्याच मार्गाने प्रवाशाला हमालाची सवय लागली. ट्रंक दुसऱ्याच्या डोक्यावर गेली की तिच्यात काय भरले आहे ह्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. पुढे एस. टी. आली, मोटारी आल्या आणि अलीकडे चाकांच्या बॅगा आल्या. चाकाने ओझे कमी होत नाही. ते फक्त जाणवत नाहीसे होते, आणि तेही फलाटाच्या फरशीवर. तळोद्याच्या पुढे घाटाची पायवाट लागली की चाके निरुपयोगी होतात आणि तीच बॅग डोक्यावर घ्यावी लागते.

ओझे आणि शरीर ह्यांची ताटातूट अजूनही न झालेला एक प्रवास ह्या जिल्ह्यातून जातो. तो म्हणजे नर्मदेची परिक्रमा. नदी सदैव उजव्या हाताला ठेवून, ती कोठेही न ओलांडता, तिच्या दोन्ही तीरांनी पायी चालत जाण्याची ही प्रथा आहे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. तेव्हा दोन्ही तीरांची वाट सुमारे २,६०० किलोमीटरांची होते. दक्षिण तीराने समुद्राकडे जाणारे परिक्रमावासी सातपुड्याच्या ह्या भागातून चालत पुढे गुजरातेत उतरतात. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा आली ती थोडीच, आणि ती सर्व ह्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. पूर्वी वाट नदीच्या काठाकाठाने, शूलपाणीच्या झाडीतून होती. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याखाली ती वाट गेली. काठची गावेही गेली. महाराष्ट्रातील ३३ गावे त्या बुडिताने बाधित झाली. धरण २०१७ साली पूर्ण उंचीचे झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले. आता परिक्रमावासी काठ सोडून आतल्या रस्त्यांनी, धडगाव, मोलगी, किंवा शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा ह्या बाजूंनी जातात.

ह्या वाटसरूची झोळी उघडून पाहिली तर आमचे सूत्र तीत जसेच्या तसे सापडते. पांढऱ्या सुती कपड्यांचे दोन जोड, एक पंचा, एक कांबळे किंवा पातळ रग, कमंडलू, काठी आणि थोडे किरकोळ सामान. तो रोज स्नान करतो, स्नानाबरोबरच कालचा जोड धुतो आणि चालता चालता वाळवतो. ओला पंचा काठीला बांधून खांद्यावर टाकला की दोन तासांत वाळतो. महिनोन् महिने चालणाऱ्या ह्या माणसाला दोन जोड पुरतात, आणि दोन दिवसांच्या लग्नाला जाणाऱ्या आपल्याला सहा पुरत नाहीत. ह्यात वैराग्याचा भाग असेल. पण व्यवहाराचा भाग त्याहून मोठा आहे. सात किलोंचे ओझे पहिल्या दिवशी सात किलोंचेच असते, पंधराव्या दिवशी ते गुडघ्यात उतरलेले असते. पायी चालणारा नको असलेली वस्तू आठवड्याभरात कोणास तरी देऊन टाकतो. ते शहाणपण निघण्यापूर्वी सुचावे एवढेच आमचे म्हणणे.

शूलपाणीच्या झाडीविषयी जुन्या परिक्रमावर्णनांत एक गोष्ट हटकून येते. तेथील वनवासी, ज्यांना परिक्रमावासी "मामा" म्हणत, वाटसरूची झोळी रिकामी करीत आणि त्याला लंगोटीवर पुढे पाठवीत. नर्मदा ही आई, म्हणून तिचे भाऊ ते मामा. आणि आईच्याच इच्छेने ते भाच्याचा संग्रह उतरवतात, असा भाविक अर्थ त्यास देण्यात येई. ह्या कथेने एका सबंध समाजाविषयी शहरात गैरसमज पसरले, ते योग्य झाले नाही. त्याच डोंगरातल्या पाड्यांवर परिक्रमावासीयाला भाकरी, चहा आणि निवारा मिळतो, हे आज चालून आलेला प्रत्येक जण सांगतो. कथेची दुसरी बाजू मात्र क्वचित कोणी पाहतो. ज्या घरात एकच पांघरूण तिघांवर पडते, त्या घराच्या दारावरून चार पांघरुणे घेतलेला पाहुणा जातो, तेव्हा त्या गाठोड्याकडे घरातली माणसे कोणत्या डोळ्यांनी पाहत असतील? प्रवाशाचे ओझे त्याच्या एकट्याचे नसते. ते लोकांना दिसते. ही गोष्ट पुढे पुन्हा घेऊ.

आता वाळण्याचे शास्त्र थोडे सांगितले पाहिजे, कारण सर्व हिशेब त्यावर उभा आहे. कापसाचा धागा पाण्याचा लोभी. साध्या कोरड्या दिसणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून शिरलेला असतो. भिजल्यावर तर ते पाणी धरूनच ठेवते. म्हणून सुती कपडा उन्हाळ्यात उत्तम, कारण तो घाम शोषतो आणि त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग गार राहते. हाच गुण थंडीत दोष होतो. घामाने ओला झालेला सुती सदरा डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही ओलावा धरीत नाही. म्हणून तो झटकला की वाळतो, पण घाम शोषत नसल्याने चिकट होतो आणि लौकर वास धरतो. शिवाय शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो, हा धोका डोंगरात विसरता येत नाही. लोकर ह्या दोहोंहून निराळी. ती वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि ऊब सोडीत नाही. धनगराच्या घोंगडीची किंमत पावसात कळते ती ह्यामुळे. तिचा दोष एकच, ती जड असते. म्हणून आजच्या पायी प्रवाशाने पातळ लोकरीची बंडी किंवा स्वेटर घ्यावा आणि घोंगडी गाडीच्या प्रवासासाठी ठेवावी.

ह्यावरून निवड सोपी होते. मैदानात आणि उन्हाळ्यात पातळ सुती. पावसाळ्यात सूत आणि कृत्रिम धागा मिसळलेले, लौकर वाळणारे. डोंगरात हिवाळी रात्रीसाठी एक लोकरीचे. आणि धुतल्यावर पिळण्याची एक युक्ती सर्वांनी शिकून ठेवावी. धुतलेला कपडा आधी हाताने पिळावा, मग कोरड्या पंचावर पसरून पंचासकट गुंडाळावा आणि ती गुंडाळी दोन्ही टोकांनी पिळावी. कपड्यातले बरेचसे पाणी पंचात येते. पंचा पुन्हा पिळून टाकला की तो तासाभरात वाळतो. रात्रभर वलणावर टांगून न वाळणारा सदरा ह्या रीतीने सकाळपर्यंत अंगात घालण्याजोगा होतो.

आता त्या उरलेल्या अर्ध्या जोडीचा विचार करू. दिवाळीच्या दिवसांत ह्या जिल्ह्यात अस्तंब्याची यात्रा भरते. अश्वत्थामा कपाळाची जखम घेऊन ह्या डोंगरात फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. सुमारे सव्वातेराशे मीटर उंचीच्या त्या शिखराकडे महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश येथील भाविक, विशेषतः तरुण, डोंगर चढत पायी जातात. चढताना अंग घामाने निथळते. माथ्यावर वारा लागतो आणि दातखिळी बसते. अशा वेळी माणसे एकावर एक दोन स्वेटर चढवतात आणि तरी कुडकुडतात, कारण आतला सदरा ओलाच असतो. ओल्यावर ऊबदार घालून उपयोग नाही. आधी ओले काढावे, कोरडे घालावे, मग त्यावर लोकर. म्हणून एक आतला सदरा किंवा बनियन, एक सैल विजार, पायमोजे आणि कानटोपी एवढे काही झाले तरी दिवसा वापरायचे नाही, हा दंडक ठेवावा. हीच ती अर्धी जोडी. तिला रात्रीची ठेव म्हणावे. ठेव मोडली की रात्र वाईट जाते.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. हजार मीटर चढले की हवा सर्वसाधारणपणे सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांच्या आसपास आणि तोरणमाळ अकराशेच्या वर. तेव्हा खाली जी थंडी असेल तीहून पाच-सहा अंश अधिक धरून चालावे. हिवाळ्यात ह्याला एक अपवाद असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागेत उतरून साचते, आणि उतारापेक्षा दरीच अधिक गार होते. सातपुड्यात डाबसारख्या ठिकाणी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. म्हणून उघड्यावर निजायचे असेल तर ओढ्याच्या पात्राशी न निजता थोडे चढावर निजावे. जागा बदलल्याने एका पांघरुणाचे काम होते, आणि जागेला वजन नसते.

प्रसंगानुसार थोडा फरक करावा लागतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. तेथे धूळ फार, थंडी पहाटेपुरती. पांढऱ्याऐवजी मातकट रंगाचे कपडे आणि नाकातोंडावर बांधण्यास मोठा रुमाल पुरे. काठीच्या होळीला जाणाऱ्याने रात्रभर उभे राहण्याची तयारी ठेवावी. होळी पहाटे पेटते, तोवर डोंगरातली रात्र गारच असते, आणि सकाळी नऊला ऊन चटके देते. येथे एक शाल सर्व काम करते. पावसाळ्यात अक्कलकुवा-धडगावकडे जाणाऱ्याने मात्र वाळण्यावर भरवसा ठेवू नये. हवाच ओली असली की कापडातले पाणी जाणार कोठे? तेव्हा एक जोडी वाढवावी, किंवा दिवसा ओलेच घालावे आणि रात्री कोरडे. आम्ही दुसरा मार्ग सुचवतो. सकाळी ओला सदरा अंगात घालणे जिवावर येते खरे, पण दहा मिनिटे चालले की तो अंगाच्या उबेने कोमट होतो. आणि रात्रीची कोरडी ठेव शाबूत राहते.

स्त्रियांच्या कपड्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर बोलण्याचे आपल्याकडे टाळले जाते. नऊवारी लुगडे किंवा सुती पातळ बाहेर एकेरी पसरता आले तर लौकर वाळते. पण धर्मशाळेत, ओसरीवर, परक्या अंगणात एवढे लांब कापड पसरण्यास जागा नसते. परकर, पोलके आणि आतले कपडे तर लाजेने दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालतात. ते वाळतच नाहीत. ओलसर कपडे तसेच अंगावर चढतात आणि त्यातून खाज, चट्टे आणि इतर आजार होतात. मासिक पाळीच्या कापडाचीही तीच गत. ते साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळले तरच निर्धोक असते. ह्यावर उपाय म्हणून बाईने आतल्या कपड्यांचे दोनऐवजी तीन-चार नग न्यावेत. त्यांचे वजन मूठभर असते. बरोबरच्या पुरुषमंडळींनी वलणाची दोरी उन्हात बांधून ती जागा बायकांसाठी मोकळी सोडावी. दहा हात सुतळी आणि चार चिमटे पिशवीत असले तर हा प्रश्न अर्धा सुटतो.

बांधणीविषयी चार शब्द पुरेत. कपडे घडी घालून एकावर एक रचण्याऐवजी घट्ट गुंडाळावेत. सुरकुत्या कमी पडतात आणि हवे ते ओढून काढता येते. रात्रीची ठेव वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तळाशी ठेवावी, म्हणजे ओढ्यात पाय घसरला तरी ती कोरडी राहते. जड वस्तू पाठीला चिकटून आणि हलक्या बाहेरच्या अंगाला असाव्यात. ओला कपडा कोरड्यांत कधीही कोंबू नये. आणि एक जाडसर, लांबरुंद, मजबूत चादर घ्यावी. सातपुड्यातल्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला अजूनही आडव्या बांबूला कापडाची झोळी बांधून खांद्यावरून दवाखान्याच्या वाटेपर्यंत आणावे लागते. लोक तिला कडवट विनोदाने "बांबूलन्स" म्हणतात. पायवाटेवर पाय मुरगळलेल्या सोबत्यालाही तीच झोळी लागते. फॅशनची पातळ शाल तेथे फाटते.

एकूण ओझे किती असावे? शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणाने शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मुलांना जो न्याय तोच मोठ्यांना लावावा. साठ किलोंच्या माणसाने सहा किलो. त्यात पाणी आणि शिदोरी धरून. अडीच जोड्यांचा हिशेब पाळला तर कपडे आणि पांघरूण मिळून तीन-साडेतीन किलोंत बसतात.

येथवर सर्व ठीक झाले. परंतु ह्या हिशेबात एक खोच आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होणार नाही. कमी कपडे म्हणजे अधिक धुणे, आणि अधिक धुणे म्हणजे अधिक पाणी. नदीकाठी हे पाणी कोणाचे काही घेत नाही. पण डोंगरावरच्या पाड्यात उन्हाळ्यात पाणी झऱ्यावरून येते आणि ते बायकांच्या डोक्यावरून येते. तेथे उतरलेल्या पाहुण्याने दोनच कपडे आणल्याचा अभिमान सांगत रोज एक बादली धुण्यासाठी मागितली, तर त्याने आपल्या पिशवीतले ओझे काढून यजमानणीच्या डोक्यावर ठेवले, एवढेच झाले. होल्डॉल हमालाच्या डोक्यावर देणाऱ्यात आणि त्याच्यात फरक उरला नाही. म्हणून पाणी जेथे वाहून आणलेले असेल तेथे धुऊ नये. एक दिवस मळका सदरा घालावा आणि खाली ओढा लागला की धुवावे, तेही पिण्याच्या पाण्याच्या खालच्या अंगाला. अशा मुलुखात एक सदरा जास्त नेला तर ते खरे हलके ओझे होय, कारण ते आपल्याच खांद्यावर राहते.

हलक्या प्रवासाचे गोडवे गाताना आणखी एका प्रवासाची आठवण ठेवावी लागते. दिवाळी झाली की ह्याच जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेकडे आणि इतरत्र निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे "कोयता" म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. ट्रकमध्ये धान्याचे पोते, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे, सहा महिन्यांचा संसार चढतो. त्या गाठोड्यात कपडे थोडेच असतात, आणि ते हलक्या प्रवासाच्या शास्त्राने थोडे झालेले नसतात. पहाटे दवाने भिजलेल्या उसात शिरणाऱ्या बाईला धुऊन वाळत घालण्यास दुसरी जोडी हवी आणि ती वाळण्यास ऊन मिळेल एवढी मोकळी वेळ हवी. पाचटाच्या झोपडीत निजणाऱ्या पोराला रात्रीची कोरडी ठेव हवी. आमच्या सूत्रातली अडीच जोड्यांची गरज ही माणसाची किमान गरज आहे. त्याहून अधिक बाळगणारे आपण खाली यावे, आणि त्याहून कमी असलेल्याला तेथवर पोचता यावे, असे त्याचे दोन्ही बाजूंनी वाचन व्हावयास हवे. जुने कपडे वाटण्याच्या मोहिमा हिवाळ्यात निघतात, त्यात नको असलेली जीन आणि झगझगीत लग्नाचे कपडे देण्यापेक्षा मुलांच्या मापाची लोकरीची बंडी आणि एक धड चादर दिली, तर ती वापरात येईल. कोणास काय द्यावे, हेही आपली पिशवी नीट भरता येणाऱ्यालाच कळते.

येत्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण बाहेर पडतील. निघण्याच्या आदल्या रात्री सर्व कपडे अंथरुणावर मांडावेत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हा रात्रीत वाळेल काय? ह्याने दुसरे कोणते काम होईल? आणि ह्याचे ओझे शेवटी कोणाच्या अंगावर पडेल? पहिल्या दोन प्रश्नांनी पिशवी निम्मी होते. तिसऱ्याने कधी एखादा कपडा कमी होईल, कधी एखादा वाढेलही. वाढला तर तो संकोच न करता घ्यावा आणि पिशवी आपली आपण उचलावी.